हुबेहूब

"बांगड्या वाजतायत. काढा."

काचेच्या पलीकडून माणूस बोलला. माझ्या कानांवर हेडफोन घातला होता, त्यातून त्याचा आवाज आला. पुण्यातली खोली. भिंतींना गादीसारखं काहीतरी चिकटवलेलं. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. समोर माइक, माइकच्या मागं पडदा, आणि पडद्यावर सिनेमातली नटी थांबवून ठेवलेली. उघड्या तोंडानं.

पायातली जोडवी मी आधीच काढून दिली होती, फरशीवर वाजतात म्हणून. आता बांगड्या.

हिरव्या काचेच्या होत्या. आठ दिवसांपूर्वी पुतणीच्या लग्नात कासारणीनं हात दाबदाबून भरलेल्या. माझे हात कामानं जाड झालेले. बांगडी एकदा चढली की फुटेपर्यंत उतरत नाही.

केतकी म्हणून एक मुलगी होती, डायरेक्टर सरांची असिस्टंट. तिनं साबण आणला. आम्ही दोघी नळाखाली हात धरून ओढत बसलो. बऱ्याच निघाल्या, सालटंही निघालं. उजव्या हातातल्या चार काही केल्या निघेनात.

सर आत आले. "फोडा की मग," म्हणाले. "नव्या घेऊन देतो."

मी म्हणाले, "सर, आमच्यात नवरा जिता असताना आपल्या हातानं फोडत न्हाईत. वंगाळ असतंय."

"अहो मावशी, काच आहे ती. नुसती काच."

माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस मला मावशी म्हणायचा.

मी टेबलाच्या कडेवर मनगट आपटलं. एक फुटली.

"थांबा!" काचेपलीकडचा ओरडला. मला वाटलं, त्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, "मस्त आवाज आला. उरलेल्या माइकजवळ फोडा. सावकाश. एकेक."

मी फोडल्या. एकेक. माइकजवळ हात नेऊन. तिसरीला काच मनगटात घुसली आणि रक्त आलं. मी हूं की चूं केलं नाही. दुसरा आवाज करायचा नाही, असं सांगितलं होतं.

का फोडल्या, असं पुढं मला माझ्या पोरीनं विचारलं. नवऱ्यानं विचारलं. मीही स्वतःला विचारते. मोठ्या माणसानं सांगितलं की करायचं, हे इतकं अंगात मुरलेलं होतं की रक्त येईपर्यंत कळलंच नाही.

आम्ही धनगर. कडेगाव तालुक्यातल्या माळावर आमची वस्ती. माझ्या लहानपणी पाऊस सरला की मेंढरं घेऊन आम्ही खाली कृष्णाकाठाला उतरायचो. ऊस गेलेल्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत रानाला, बदल्यात धान्य आम्हाला. एका वर्षी आष्ट्याच्या बाजूला आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, जास्त दिवस राहिला, म्हणून बापानं मला तिथल्या एका शाळेत नेऊन बसवलं. आठ वर्षांची होते.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, "तुझ्या घरी काय आहे?"

मी म्हणाले, "मेंढरं हायती."

"हायती नाही. आहेत. म्हण."

"हायेत."

वर्ग हसला. सगळी बागायतदारांची पोरं. गुरुजींनी मला वर्गापुढं उभं केलं आणि 'आहेत' म्हणायला लावलं. मी जितक्या वेळा म्हणाले, तितक्या वेळा 'हायेत' निघालं, आणि तितक्या वेळा वर्ग हसला. शेवटी गुरुजी म्हणाले, "ही जीभ घासल्याशिवाय स्वच्छ व्हायची नाही."

मी वाड्यावर आले, चुलीतली राख घेतली आणि खरंच जीभ घासली. रक्त येईतो. आईनं हातावर फटका मारला तेव्हा थांबले.

पुढं दहावी झाले. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले. रजिस्टर लिहून लिहून पुस्तकी मराठी हाताला आली. हे लिहितेय, ते तसंच. बोलते मात्र आमचीच.

म्हणून सिनेमावाले माळावर आले आणि सर म्हणाले, "आम्हाला तुमचीच भाषा पाहिजे, जशीच्या तशी," तेव्हा मला काय वाटलं असेल, ते ज्याची जीभ कधी कुणी घाण म्हटली नाही त्याला कळायचं नाही. त्या दिवशी मी बिरोबाला नारळ फोडला.

सिनेमा धनगराच्या बायकोचा होता. नवरा मरतो, ती एकटी मेंढरं घेऊन चालत राहते, अशी गोष्ट. नटी मोठी होती. रोज सांगलीच्या हॉटेलातून गाडीनं यायची. तिला भाषा शिकवायचं काम माझ्याकडं. चाळीस दिवस मी तिच्या शेजारी बसले. बाई वाईट नव्हती. स्वतःच्या कपातला अर्धा चहा मला द्यायची. सगळ्यांसमोर 'माझी गुरू' म्हणायची. वहीत माझे शब्द लिहून घ्यायची. पण तिच्या तोंडात ते बसत नव्हते. 'हाय' म्हणायची ती पाहुण्याला हात हलवून म्हणतात तसं. सर चिडायचे. नटी गाडीत जाऊन रडायची. मला तिची कीव यायची. मनात म्हणायचे, तुलापण जीभ घासायला लावत्यात बाई.

शूटिंग संपलं. दोन महिन्यांनी केतकीचा फोन आला. "मावशी, पुण्याला याल का? मॅडमना सरावाला नमुना पाहिजे. तुम्ही बोलायचं, त्या ऐकून ऐकून तसं बोलतील."

पाच दिवस बोलले. पडद्यावर नटीचे ओठ हलायचे, त्या ओठांवर माझे शब्द बसवायचे. मी एकदा विचारलं, "नमुनाच हाय, तर ओठांवर कशापायी बसवायचं?"

"मॅडमना सोपं जावं म्हणून," सर म्हणाले.

मला पटलं. का पटू नये?

चौथ्या दिवशी रडणं आलं. नवऱ्याच्या मढ्याजवळ बायको रडते, तो प्रसंग. मला जमेना. सर आत येऊन माझ्या शेजारी बसले. आवाज अगदी हळू केला. "मावशी, तुमच्या घरात कोण गेलंय?"

"आई."

"तिच्यासाठी काय म्हणून रडला होता?"

आमच्यात बायका हेल काढून रडतात. बोलून रडतात. आईच्या वेळी मी म्हणाले होते, "आये, आता मला 'आलीस व्हय' कोण म्हनंल गं?" कारण मी कवाबी माहेरी गेले, की ती चुलीपुढून वळायची आणि एवढंच म्हणायची. आलीस व्हय.

मी डोळे मिटले आणि रडले. आईला रडले. कुठं आहे ते विसरले. डोळे उघडले तर काचेपलीकडं सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सर म्हणाले, "अप्रतिम. आता एकदाच परत. 'आये' काढा आणि 'धनी' घाला."

मी 'आये' काढलं आणि 'धनी' घातलं.

जाताना एका इंग्रजी कागदावर सही केली. सही करायला पेन केतकीनं दिलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

घरी आले. नवऱ्यानं माझे हात बघितले. ओकेबोके. उजव्या मनगटाला चिकटपट्टी. मग म्हणाला, "कुणाच्या नावानं फोडल्यास? म्या जिता हाय न्हवं अजून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तो उठून मेंढरांकडं गेला. त्या हंगामात तो माझ्या हातची भाकरी खाताना खाली बघूनच खायचा.

वर्षभर सिनेमाचं काही कळलं नाही. केतकी फोन उचलेना. माझी पोरगी पूजा सांगलीत नर्सिंग शिकते. तिचा फोन आला, "आये, हितं आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतोय. तुमचा पिच्चर हाय स्पर्धेत. कालेजात पास दिल्यात. ये."

मी गेले. इस्त्रीचं लुगडं नेसून गेले. खोटं कशाला सांगू, हौसेनं गेले.

नाट्यगृहात तुडुंब गर्दी. स्पर्धेत देशोदेशीचे सिनेमे. आमच्या आधी कुठल्यातरी डोंगरातल्या देशाचा होता. एक म्हातारी, तिची बकरी, आणि बर्फ. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, पूजा ती वाचून माझ्या कानात सांगायची. थोड्या वेळानं मी तिला गप केलं. मला समजत होतं. म्हातारी बकरीला हाळी द्यायची तेव्हा तिच्या गळ्याची शीर उठायची. आवाज त्या शिरेतनं येत होता. आमची शीर तशीच उठते. मला वाटलं, ही बाई आत्ता पडद्यातनं उतरली तर आम्ही दोघी न बोलता एका चुलीवर भाकरी करू.

मग आमचा सुरू झाला.

नटीनं तोंड उघडलं आणि मी बोलले.

आधी मला वाटलं भास आहे. पूजानं माझा हात गच्च धरला. "आये, तुझा आवाज हाय ह्यो."

नटी मेंढरांना हाळी देत होती. तिच्या गळ्याची शीर हलत नव्हती. शीर माझी उठली होती, पुण्यात, बंद खोलीत. ती चिडत होती, हसत होती, नवऱ्याला शिव्या देत होती, आणि सगळं मी बोलत होते. नवरा मेला. नटीनं दगडावर हात आपटला. बांगड्या फुटल्या. एक. दोन. तीन. त्या माझ्या होत्या. मग तिनं तोंड वर केलं आणि माझ्या आईला रडायला लागली. "आता मला 'आलीस व्हय' कोण म्हनंल?" पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावत होत्या.

मला रडू आलं नाही. माझं रडणं तिथं समोर चाललेलं होतं. माझ्याजवळ शिल्लक काही नव्हतं.

शेवटी नावं आली. पूजा उभी राहून एकेक वाचत होती. गाडी चालवणाऱ्याचं नाव होतं. चहा देणाऱ्याचं होतं. माझं नव्हतं. सगळ्यात खाली 'आभार, समस्त ग्रामस्थ' एवढं होतं.

दिवे लागले. नटी, सर, परीक्षक म्हणून आलेले दोन परदेशी पाहुणे, सगळे स्टेजवर बसले. निवेदकानं नटीला भाषेबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मी चाळीस दिवस त्या माळावर होते. ती भाषा मी शिकले नाही, ती मला चिकटली. तुम्ही ऐकलंत ते सगळं माझ्या आतून आलंय."

टाळ्या.

मी उभी राहिले. ठरवून नाही. पायच उभे राहिले.

"त्यो आवाज माजा हाय."

पुढचा एक माणूस वळला. "बसा हो ताई."

"त्यो आवाज माजा हाय!" माळावर दोन टेकड्यांपलीकडं ऐकू जाईल असा माझा गळा. माइक लागत नाही. सगळं नाट्यगृह वळलं.

निवेदक हसून म्हणाला, "ताई, तुमचा प्रश्न काय आहे?"

"प्रश्न न्हाई. ह्या बाईच्या तोंडात माजा आवाज घातलाय. रडनं माजं हाय. पुण्याला नेऊन घेतलंय."

तेवढ्यात नटीनं मला ओळखलं. तिनं सरांकडं बघितलं. सर खाली बघत होते. केतकी बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर हात ठेवून.

मला वाटलं, माझ्यावर विश्वास कसा ठेवतील? पुरावा द्यावा. म्हणून मी तिथंच, खुर्च्यांच्या रांगेत उभी राहून, हेल काढला. आईला रडले. या वेळी 'धनी' नाही, 'आये' म्हणाले. शेवटपर्यंत रडले.

मी थांबले आणि सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं.

"हुबेहूब!" कुणीतरी ओरडलं. "काय नक्कल केली बाईनं!"

नटीच्या डोळ्यात पाणी आलं. भीतीचं असेल, नाहीतर खरं असेल, मला माहीत नाही. तिनं छातीवर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाली, "कलाकाराला याहून मोठी पावती काय हवी?"

दुभाष्यानं पाहुण्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. तेही माझ्याकडं वळून टाळ्या वाजवायला लागले.

"नक्कल न्हाई ही!" मी ओरडले.

लोक हसले. "तेपण तसंच म्हटलं बघ. तोच हेल!"

माझं खरं बोलणं जितकं खरं होत होतं, तितकी माझी नक्कल चांगली ठरत होती. यातून वाट कुठून काढायची? मला सुचलं नाही. अजून सुचलेली नाही.

निवेदकानं जाहीर केलं की या ताईंच्याच हातानं नटीला घोंगडं पांघरायचं. दोघांनी मला स्टेजवर नेलं. पूजा मागून म्हणत होती, "आये, नगं जाऊ. चल घरला." माझ्या हातात घोंगडं दिलं. यंत्रावर विणलेलं, कडक. नटीनं मान खाली केली. जवळ गेल्यावर कुजबुजली, "ताई, प्लीज. नंतर बोलू."

मी तिला म्हणाले, "घोंगडं आमच्यात देवाला घालत्यात, न्हाईतर आपल्या मानसाला. तू दोनीबी न्हाईस."

घोंगडं मी खुर्चीवर ठेवलं. घडी न मोडता. फोटोवाला म्हणाला, "ताई, घाला ना, एकच फोटो." सर अर्धवट उठले, परत बसले. मी पायऱ्या उतरले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसानं सांगितलेलं काम मी केलं नव्हतं.

पाठीमागून निवेदकाचा आवाज आला, "ताई भावुक झाल्यात."

महोत्सवाच्या शेवटी नटीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. एका पेपरात माझाही फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'नायिकेची हुबेहूब नक्कल करून दाद मिळवणारी प्रेक्षक महिला'. सरांनी एकदा फोन केला. "मावशी, तुम्ही सही केलीय. आणि मी अख्ख्या गावाचे आभार मानलेत." पूजानं तो कागद सांगलीतल्या एका वकिलाला दाखवला. त्यानं वाचला आणि म्हणाला, "यात तुम्ही आवाज, उच्चार, श्वास, सगळं दिलंय. कायमचं."

"श्वासबी?"

"श्वासही."

महोत्सवाला पत्र लिहिलं. पुस्तकी मराठीत लिहिलं, एक चूक न करता. उत्तर आलं नाही. केतकीचा मात्र एक निरोप आला मोबाईलवर. 'मावशी, माफ करा.' एवढाच. चार माणसांत ती हे बोलली असती तर उपयोग झाला असता.

मग माझा थोरला भाऊ गेला. मेंढरांमागं चालताना छातीत कळ आली आणि बसला तो उठला नाही. मी माहेरी धावले. अंगणात ठेवला होता. मी त्याच्या पायाशी बसले आणि हेल काढला, "दादा, आता मला..."

आणि सगळं अंगण गप झालं. बायका रडायच्या थांबल्या. माझ्याकडं बघायला लागल्या. मागून एक पोरगी हळूच म्हणाली, "अगं, पिच्चरसारखंच रडती." एकीनं मोबाईल वर धरला.

मी तोंड मिटलं. माझ्या सख्ख्या भावाला मी रडले नाही. त्याला उचलला, नेला, मी तशीच बसून राहिले. भावजय आजही म्हणते, नणंदेच्या डोळ्यात टिपूस आलं न्हाई.

गेल्या महिन्यात दुसरे सिनेमावाले आले. दोन मुलं, एक मुलगी. चांगली बोलणारी. दारात बसली, पाणी प्यायली. "मावशी, भाषा शिकवाल का? तुमचं नाव घालू आम्ही, नक्की."

मी विचारलं, "तोंड कुनाचं हाय?"

"हिरॉइन मुंबईची आहे."

"मग तिला मुंबईचं बोलू द्या."

ती हसली. मी हसले नाही. उठून आत गेले.

ती पलीकडच्या वस्तीवर गेली. तिथली सखू तयार झाली. मी सखूला जाऊन सगळं सांगितलं. कागदाचं, 'आये' काढून 'धनी' घातल्याचं, भावाचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला एकदा तरी कुनी गाडीनं न्हेलं. मला नगं व्हय?"

काल सकाळी त्यांची गाडी तिला घेऊन माझ्या दारावरनं गेली. तिनं काचेतनं हात केला.

काही बदललेलं नाही. बदलेल असं दिसत नाही. सखूच्याही आवाजाला कुणीतरी दुसरीचं तोंड लावणार, आणि सांगलीत नाहीतर आणखी कुठं पडदा लागणार. तेव्हा मी जाणार आहे. पास मिळाला तर आत, नाही मिळाला तर दारात. सखू आली तर तिच्यासोबत, नाही आली तर एकटी. दिवे लागले की उभी राहणार आणि हा आवाज कुणाचा आहे, ते नाव घेऊन सांगणार. लोक हसतील. नक्कल म्हणतील. टाळ्या वाजवतील.

वाजवू देत. मी बसणार नाही.